टेबलं दिसतात, डेटा येत नाही: पुण्यातलं ट्रिनो आणि महाप्याचं हडूप

ओवी_पुणे (धागाकर्ती) · सोमवार, सकाळी १०:५२

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या ऑफिसात आमचं ट्रिनोचं (ठिकठिकाणच्या डेटावर एसक्यूएल क्वेरी चालवणारं इंजिन) छोटं क्लस्टर आहे. एक कोऑर्डिनेटर (काम वाटणारं मशीन), ८ वर्कर (काम करणारी). आजवर ते इथल्याच पोस्टग्रेस डेटाबेसवर आणि इथल्याच लहानशा हडूपवर (अनेक मशीनवर विखरून फायली साठवणारी यंत्रणा) चालायचं. आता आमच्या मूळ कंपनीचं मोठं हडूप त्याला जोडायचंय. ते नवी मुंबईत, महाप्याच्या डेटा सेंटरात आहे: ४० डेटानोड (डेटा साठवणारी मशीन), हडूप ३, कर्बेरॉस (ओळख तपासणारी यंत्रणा) लावलेलं. डेटा इकडे कॉपी करायचा नाही, आहे तिथेच ठेवून इथून क्वेरी मारायची, असा वरून निरोप आहे. मधे साइट-टू-साइट व्हीपीएन आहे, ५०० एमबीपीएसचं.

नवी कॅटलॉग फाइल (ट्रिनोला डेटाचा एक स्रोत जोडून देणारी) केली. कनेक्टर हाइव्ह (हडूपच्या फायलींना टेबलांचं रूप देणारी प्रणाली), तिच्या मेटास्टोअरचा पत्ता ९०८३ पोर्टसकट, तिकडून मागवलेल्या कोअर-साइट आणि एचडीएफएस-साइट या दोन फायली, शिवाय की-टॅब, म्हणजे कर्बेरॉसची चावीची फाइल. सगळं सगळ्या नोडवर ठेवून रीस्टार्ट केलं.

स्कीमा दिसतात, टेबलं दिसतात, डिस्क्राइब केलं की कॉलमही दिसतात. पण साधी सिलेक्ट, लिमिट १० मारली की क्वेरी 'रनिंग'वर टांगून राहते आणि काही मिनिटांनी ब्लॉकमिसिंगएक्सेप्शन येतं, 'कुड नॉट ऑब्टेन ब्लॉक'. महाप्याचे ॲडमिन म्हणतात एकही ब्लॉक हरवलेला नाही, एफएससीके (फायलींची तपासणी) स्वच्छ आहे. इकडची नेटवर्क टीम म्हणते ८०२० पोर्ट उघडलंय, आमचं काम संपलं. मी मधल्या मधे.

कुणी असं जोडलंय का?

---

तिरकस · सोमवार, ११:०५

"डेटा हलवायचा नाही" म्हणणाऱ्यांना कुणीतरी सांगा की क्वेरी मारली की डेटाच हलतो. फक्त रोज हलतो.

---

जुनाजाणता · सोमवार, ११:३१

ओवीताई, फॉल्ट जवळजवळ दिसतोच आहे. तरी पूर्ण सांगतो, कारण हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच.

तुमची क्वेरी तीन दारांवर जाते. पहिलं मेटास्टोअर. टेबलाचं नाव, कॉलम, पार्टिशन आणि फायली कुठल्या डिरेक्टरीत आहेत, एवढंच तो सांगतो. ९०८३ उघडं आहे म्हणून हे सगळं तुम्हाला दिसतं. दुसरं दार नेमनोड, ८०२०. त्या डिरेक्टरीत कोणत्या फायली आहेत, त्यांचे ब्लॉक कोणते आणि प्रत्येक ब्लॉक कोणकोणत्या डेटानोडवर आहे, ते तो सांगतो. इथपर्यंतही तुम्ही पोचताय.

तिसरं दार म्हणजे डेटानोड, आणि खरे बाइट फक्त तिथूनच येतात. नेमनोड डेटा स्वतःच्या हातून कधीच देत नाही, पत्ते देतो आणि बाजूला होतो. वाचणाऱ्याने थेट डेटानोडशी बोलायचं असतं. आणि ट्रिनोत वाचणारा कोण? वर्कर. कोऑर्डिनेटर फायलींची यादी काढून स्प्लिट (वाचायचे तुकडे) वाटतो, बस. म्हणजे तुमच्या आठही वर्करना महाप्याच्या चाळीसही डेटानोडपर्यंत वाट हवी. एका ब्लॉकच्या साधारण तीन प्रती असतात. क्लायंट एकेक करून तिन्ही नोड ठोठावतो, कुठेच दार उघडलं नाही की "ब्लॉक मिळाला नाही" म्हणून हात वर करतो. महाप्याचे लोकही खरंच बोलताहेत, ब्लॉक जागेवरच आहेत.

पडताळून बघायचं तर त्याच टेबलाचं डॉलर-पार्टिशन्स नावाचं लपलेलं टेबल वाचून बघा. ते फक्त मेटास्टोअरला विचारतं, त्यामुळे लगेच उत्तर येईल. मग कुठल्याही एका वर्करवर जाऊन (कोऑर्डिनेटरवर नको) एनसीने (पोर्टपर्यंत पोचता येतं का बघायची कमांड) एखाद्या डेटानोडचं पोर्ट ठोठावा. हडूप ३ मध्ये ते मुळात ९८६६ असतं, हडूप २ मध्ये ५००१० होतं.

---

ओवी_पुणे · सोमवार, दुपारी १२:२०

डॉलर-पार्टिशन्स चटकन आलं. वर्करवरून ९८६६ ठोठावलं तर टाइमआउट. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

नेटवर्क टीमला सांगितलं. ते विचारतात, "आठ मशीन गुणिले चाळीस मशीन म्हणजे ३२० रूल का?"

---

केबलवाला · सोमवार, १२:४१

३२० नाही हो, एक. त्यांना सांगा सबनेट-ते-सबनेट रूल द्या: ट्रिनोच्या वर्करचं सबनेट ते डेटानोडचं सबनेट, टीसीपी, एवढी एवढी पोर्ट. आयपी मोजून रूल दिले तर पुढच्या महिन्यात तिकडे नवीन डेटानोड लागेल आणि तुमच्या दहातली एक क्वेरी पडेल. कोणती आणि का ते शोधायला आठवडा जाईल, कारण डेटा त्या नोडवर असेल तेव्हाच पडणार.

मी नेटवर्कवाला आहे म्हणून आमची बाजूही सांगतो. तिकिटात "हडूपसाठी पोर्ट उघडा" असं लिहून येतं. कुठून कुठे, कोणत्या दिशेने, किती मशीन, काहीच नसतं. मग आम्ही जे नाव लिहिलंय तेवढंच उघडतो. तिकिटात नेमनोड लिहिला तर नेमनोडच मिळणार.

---

जुनाजाणता · सोमवार, १२:५५

थांबा, रूल मागण्याआधी एक बघा. तुमच्याकडे कर्बेरॉस आहे म्हणालात. तिकडून आलेल्या एचडीएफएस-साइटमध्ये डीएफएस.डेटानोड.ॲड्रेस काय लिहिलंय? कर्बेरॉसवाल्या बऱ्याच क्लस्टरांत डेटानोड १०२४ च्या खालच्या पोर्टवर बसवलेला असतो, बहुधा १००४. फक्त रूटला उघडता येणारं पोर्ट आहे, म्हणजे समोरचा खरा डेटानोडच, असा त्यामागचा हिशोब. ज्यांनी डेटा ट्रान्सफरला सासल (ओळख पटवायची दुसरी पद्धत) लावलंय त्यांच्याकडे ते साध्या मोठ्या क्रमांकावर असतं. अंदाजाने ९८६६ उघडून घेतलंत आणि तिथे कुणी ऐकतच नसेल, तर उद्या पुन्हा इथेच याल.

(सेटिंगांची नावं उच्चारानुसार लिहितोय, कृपया इथून कॉपी-पेस्ट करू नका. एकाने केलं होतं.)

---

ओवी_पुणे · सोमवार, १:१०

१००४ च आहे! वाचले. तिकीट बदलून टाकलं.

---

मनुली · सोमवार, १:४८

तिकिटात अजून दोन गोष्टी घाल गं, नाहीतर परत हेलपाटा होईल. एक, केडीसीचं (कर्बेरॉसची तिकिटं देणारा सर्व्हर) ८८ पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. व्हीपीएनवरून कर्बेरॉसची मोठी तिकिटं यूडीपीने नीट जात नाहीत, कर्ब५-कॉन्फ या त्याच्या सेटिंगच्या फायलीत यूडीपी-प्रेफरन्स-लिमिट १ केलंस की सगळं टीसीपीने जातं. दोन, तिकडे एन्क्रिप्शन झोन (कुलूपबंद डिरेक्टरी) आहेत का ते विचार. असतील तर वर्करना केएमएसपर्यंतही (चाव्या सांभाळणारा सर्व्हर) वाट हवी, कारण तिथून चावी आल्याशिवाय डेटानोडवरून आलेले बाइट नुसता कचरा.

आणि दोन्हीकडची घड्याळं बघ. कर्बेरॉस मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतो. ऑफिसातल्या व्हीएमची घड्याळं किती इमानदार असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

---

संथ_वाहते · सोमवार, २:१५

एक शंका. कर्बेरॉसचे दोन वेगळे रेल्म (ओळखीच्या हद्दी) असतील तर क्रॉस-रेल्म ट्रस्ट (एकमेकांची ओळख मान्य करणं) करावाच लागतो ना? आमच्याकडे त्यासाठी सिक्युरिटी कमिटीसमोर जायला लागतं आणि ती कमिटी सणासुदीलाच भेटते.

---

मनुली · सोमवार, २:३७

@संथ_वाहते, ट्रिनोसाठी नाही लागत. ट्रिनोत प्रत्येक कॅटलॉगला स्वतःचा प्रिन्सिपल (कर्बेरॉसमधलं नाव) आणि स्वतःची की-टॅब देता येते. महाप्याच्या ॲडमिनकडून त्यांच्या रेल्ममधला प्रिन्सिपल मागायचा, की-टॅब सगळ्या नोडवर त्याच पाथवर ठेवायची, झालं. कर्ब५-कॉन्फ मात्र अख्ख्या जेव्हीएमला (ट्रिनो ज्यात चालतं ती जावाची प्रक्रिया) एकच असते, म्हणून तिच्यात दोन्ही रेल्म आणि कोणतं डोमेन कुठल्या रेल्मचं हे लिहिलेलं पाहिजे. ते राहिलं तर ट्रिनो महाप्याच्या नेमनोडसाठी पुण्याच्या केडीसीकडे तिकीट मागत बसतं.

ट्रस्ट लागतो तो डिस्टसीपीला, म्हणजे हडूपच्या कॉपी करणाऱ्या साधनाला. दोन सुरक्षित क्लस्टरांमध्ये कॉपी करताना एकाच जॉबला दोन्हीकडे ओळख दाखवावी लागते. तेव्हा दोन्ही केडीसींत सारख्याच पासवर्डचे, सारख्या आवृत्तीचे आणि सारख्या एन्क्रिप्शनचे केआरबीटीजीटी प्रिन्सिपल करा, मग ऑथ-टू-लोकलचे नियम लिहा… कमिटी परवडली.

---

ओवी_पुणे · मंगळवार, सकाळी ११:१८

रूल मिळाला. १००४ वर एनसी आता "सक्सीडेड" म्हणतंय. तरी सिलेक्ट तसंच लटकतंय. तेच एक्सेप्शन.

लॉगमध्ये वर्कर ज्या पत्त्यावर जायला बघतोय तो १९२.१६८ ने सुरू होतो. मी एनसी केलं होतं ते डेटानोडच्या नावावर, आणि नाव १०.४० च्या पत्त्यावर जातं.

---

केबलवाला · मंगळवार, ११:२६

फॉल्ट मिळाला. तिकडच्या मशीनना दोन नेटवर्क कार्डं आहेत. आतलं १९२.१६८ चं नोड आपापसात बोलायला, बाहेरचं १०.४० चं. डेटानोडांनी नेमनोडकडे नोंद केली ती आतल्या पत्त्याने, म्हणून नेमनोड तुम्हालाही तोच पत्ता देतो. तो तुमच्या व्हीपीएनवर रूटच होत नाही. किंवा त्याहून वाईट, तुमच्याच ऑफिसातल्या एखाद्या प्रिंटरचा असतो.

---

जुनाजाणता · मंगळवार, ११:४४

उपाय आहे. कॅटलॉगला दिलेल्या एचडीएफएस-साइटमध्ये डीएफएस.क्लायंट.यूज.डेटानोड.होस्टनेम हे ट्रू करा. मग क्लायंट नेमनोडने दिलेला आयपी बाजूला ठेवतो आणि डेटानोडचं नाव घेऊन स्वतः डीएनएसला विचारतो. तुमच्या डीएनएसमध्ये ते नाव १०.४० वर जातं हे तुम्ही पाहिलंच आहे. डेटानोड सगळ्या कार्डांवर ऐकतोय ना, म्हणजे पत्ता ०.०.०.० वर बांधलाय ना, तेवढं तिकडून विचारून घ्या. मुळात तसाच असतो, पण सिक्युरिटीच्या नावाखाली कुणीतरी बदललेला असू शकतो.

हीच फाइल चाळताना डीएफएस.नेमसर्व्हिसेसही बघा. दोन नेमनोडची एचए जोडी (एक पडला तर दुसरा उभा) असली की टेबलांच्या लोकेशनमध्ये मशीनचं नाव नसतं, त्या जोडीचं सामाईक नाव, म्हणजे नेमसर्व्हिसचं असतं. क्लाउडेरा मॅनेजरवरून उभारलेल्या क्लस्टरांत ते पुष्कळदा 'नेमसर्व्हिस१' असतं, दोन्हीकडे तेच. ट्रिनोत प्रत्येक कॅटलॉगच्या साइट फायली वेगळ्या देता येतात, म्हणून तुमचं निभावेल. पण उद्या स्पार्कवरून (डेटावर काम करणारं दुसरं इंजिन) हेच करायला जाल तेव्हा तो महाप्याची फाइल पुण्याच्या नेमनोडवर शोधेल आणि "अशी फाइलच नाही" म्हणेल. माणूस परमिशन बघतो, पाथ बघतो, टेबल बघतो. दोन्ही घरांवर एकच पाटी लावलीय हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

---

ओवी_पुणे · मंगळवार, दुपारी १२:३०

आलं!! दहा रो आले!

जुनाजाणता काका, केबलवाला, मनुलीताई, चहा लागू.

---

तिरकस · मंगळवार, १२:३४

दहा रो आले की लोक पेढे वाटतात. आता ग्रुप बाय मारा.

---

फ्रांकफुर्टकर · मंगळवार, १:०२

अभिनंदन! याच धाग्यात माझंही घुसडतो, लक्षण मिळतंजुळतं आहे पण थोडं वेगळं. आमचं क्वेरी क्लस्टर इकडे जर्मनीत, डेटा मुंबईत. आमची छोटी टेबलं व्यवस्थित येतात, मोठ्या फायली मात्र पहिल्या काही केबीनंतर गोठतात. पोर्ट सगळी उघडी आहेत, पत्ते बरोबर आहेत.

---

केबलवाला · मंगळवार, १:२५

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. व्हीपीएनचं आयपीसेक टनेल प्रत्येक पॅकेटला स्वतःचं वेष्टन घालतं, त्यामुळे आत १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही. राउटरने "लहान करून पाठव" असा आयसीएमपी निरोप द्यायला हवा, पण मधल्या कुणीतरी आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. लहान पॅकेटं जातात म्हणून लिस्टिंग, लॉगिन, छोटी टेबलं सगळं ठीक दिसतं, आणि भरलेली पॅकेटं विहिरीत.

तपासायला पिंग करा, "तुकडे करू नको" हा झेंडा लावून, १४७२ बाइटचा मजकूर. वर २८ बाइटचे हेडर धरून १५०० होतात. गेलं नाही तर आकडा कमी करत जा, कुठे जायला लागतं ते कळेल. मग टनेलच्या तोंडाशी एमएसएस क्लॅम्प करायला, म्हणजे टीसीपीच्या तुकड्यांचा आकार आवळायला सांगा. दोन्ही टोकांना.

---

फ्रांकफुर्टकर · मंगळवार, संध्या. ६:४०

१४०० च्या खालीच जातं. क्लॅम्प केला, गोठणं थांबलं. पण वेग कासवाचा. लाइन मोठी आहे, तिचा दहावा हिस्साही वापरला जात नाही.

---

केबलवाला · मंगळवार, ७:०५

मुंबई ते फ्रांकफुर्ट जाऊन यायला १०० मिलिसेकंदांच्या वर लागतात, ते कुणाच्या बापाला कमी करता येत नाहीत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरच जातो, आणि तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नाहीत. आता टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) जर ६४ केबीवर अडली असेल, तर एका फेरीत ६४ केबी, सेकंदाला दहा फेऱ्या, म्हणजे एका कनेक्शनला ५ एमबीपीएसच्या आसपास. लाइन १० जीबीपीएसची असो की १ ची. मधलं एखादं फायरवॉल विंडो स्केलिंग (ती विंडो मोठी करायची सोय) खोडत नाही ना ते बघा, आणि दोन्हीकडच्या लिनक्सचे टीसीपी बफर वाढवा.

---

मनुली · मंगळवार, ७:३०

@फ्रांकफुर्टकर, तांत्रिक नसलेली एक गोष्ट. तुमच्या टेबलांत पेमेंटचा डेटा आहे का? रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक आहे, पेमेंट सिस्टिमचा डेटा भारतातच साठवायचा म्हणून. "आम्ही कॉपी करत नाही, नुसतं वाचतो" असं म्हणत तिकडे वर्करच्या डिस्कवर कॅश लावाल, तर त्याला साठवणूक म्हणायचं की नाही, हे आधी तुमच्या कंप्लायन्सवाल्यांना लेखी विचारा. मागाहून नको.

---

फ्रांकफुर्टकर · मंगळवार, ७:४१

पेमेंट नाही, यंत्रांवरच्या सेन्सरांचा आहे. पण मुद्दा पटला, विचारून ठेवतो.

---

ओवी_पुणे · बुधवार, सकाळी १०:१५

तिरकस यांची वाणी खरी ठरली. ग्रुप बाय मारला.

टेबल वेब लॉगचं आहे, सीएसव्ही, जीझिप केलेलं, तारखेचं पार्टिशन. एका दिवसाचे ४०० जीबी. एका दिवसाच्या क्वेरीला पावणेदोन तास लागले, आणि तेवढा वेळ ऑफिसातल्या कुणाचंच व्हीपीएनवरचं काम धड चाललं नाही. मला फोन आले.

वर्कर वाढवून उपयोग होईल का?

---

जुनाजाणता · बुधवार, १०:५०

अजिबात नाही. ५०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६२.५ एमबी. ४०० जीबीला ६,४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासच. तुमची क्वेरी भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे चाललीय, ट्रिनोला बोल लावायला जागा नाही. आठाचे ऐंशी वर्कर केलेत तर ऐंशीजण त्याच नळाखाली बादल्या घेऊन उभे राहतील.

हडूपची सगळी रचना "काम डेटाजवळ न्या" या कल्पनेवर झाली. ज्या मशीनवर ब्लॉक, त्याच मशीनवर मॅपर (कामाचा एक तुकडा करणारी प्रक्रिया), वाटल्यास शॉर्ट-सर्किट करून थेट डिस्कवरून वाच. तुम्ही क्वेरी दुसऱ्या शहरात नेलीत तेव्हा ही सवलत संपली. आता प्रत्येक बाइट घाट चढून येणार. म्हणून एकच गोष्ट हातात उरते: कमी बाइट मागवा. ट्रिनोच्या वेब यूआयमध्ये क्वेरी उघडली की 'फिजिकल इनपुट' दिसतो. इथून पुढे तोच आकडा बघायचा, सीपीयू वगैरे विसरा.

सीएसव्हीत साठातले चार कॉलम मागितलेत तरी अख्खी ओळ येते. वर जीझिप, म्हणजे फाइल तोडताही येत नाही, एक फाइल एकच वर्कर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणार. महाप्याच्या लोकांना म्हणावं, तिकडेच हाइव्हने किंवा स्पार्कने रोज रात्री या टेबलाची ओआरसी नाहीतर पार्केट आवृत्ती करा. कॉलम वेगवेगळे साठवलेले असतात, तेव्हा चारच कॉलम येतील. फायलीत तुकड्या-तुकड्यांची किमान-कमाल मूल्यं लिहिलेली असतात, त्यामुळे व्हेअरमध्ये न बसणारे तुकडे वाचलेच जात नाहीत. त्याचा पुरेपूर फायदा हवा असेल तर लिहितानाच ज्या कॉलमवर तुम्ही नेहमी गाळता त्यावर सॉर्ट करून घ्या. आणि फायली मोठ्या असू द्यात, निदान एका ब्लॉकएवढ्या, १२८ एमबीच्या. हजारो चिंधी फायली लांबून वाचणं म्हणजे प्रत्येक फाइलमागे नेमनोडची फेरी, मग शेवटचा फुटर वाचायची फेरी, मग मजकुराची. @फ्रांकफुर्टकर, तुम्हाला तर १०० मिलिसेकंदांच्या हिशोबाने हे दसपट झोंबेल.

---

तिरकस · बुधवार, ११:१०

म्हणजे शेवटी तिकडे कॉपीच केली ना? फक्त कॉपी त्यांच्या घरात. मी सोमवारपासून म्हणतोय, रात्री डिस्टसीपी लावा, दिवसभर पुण्यात सुखाने क्वेरी मारा.

---

मनुली · बुधवार, ११:२८

@तिरकस, डिस्टसीपीने ४०० जीबी रोज रात्री येणार, कुणी त्या दिवशी क्वेरी मारो न मारो. शिवाय इकडे तेवढी डिस्क, तीन प्रती धरून तिप्पट, आणि दोन्हीकडे परवानग्या सांभाळायच्या. चार लोकांनी महिन्यातून दोनदा बघायच्या टेबलासाठी हे कोण करणार? रोज तेच टेबल पन्नास लोक चाळत असतील तर मात्र तुमचं बरोबर, कॉपीच करावी.

---

तिरकस · बुधवार, ११:३६

"तुमचं बरोबर" एवढंच कोट करून ठेवतो.

आणि डिस्टसीपी करणाऱ्यांसाठी फुकटचा सल्ला: दोन्हीकडचे ब्लॉक साइज वेगळे असतील तर कॉपी नीट होऊनही शेवटी चेकसम जुळत नाही म्हणून जॉब पडतो. एचडीएफएसचा फाइल चेकसम ब्लॉकच्या आकारावर अवलंबून असतो. ब्लॉक साइज जपायचा पर्याय, मायनस पीबी, तो लावा. चेकसम तपासणीच बंद करणारे शूर लोक मी पाहिलेत. आणि बँडविड्थचा पर्याय प्रत्येक मॅपरला एमबीत असतो, मॅपर मुळात २०. गुणाकार करा, मग लावा, नाहीतर ओवीताईंसारखे फोन येतील.

---

संथ_वाहते · बुधवार, १२:०५

मधला मार्ग म्हणून अलक्सिओसारखं कॅश चालेल का? एकदा आलेला ब्लॉक इकडेच राहील.

---

जुनाजाणता · बुधवार, १२:३३

चालेल, पण कुणी काय वाचतं ते आधी बघा. कालपरवाचाच डेटा पुन्हा पुन्हा वाचला जात असेल तर कॅश सोन्यासारखं. दर वेळी नवी तारीख, नवं टेबल असेल तर तुम्ही सांभाळायला अजून एक क्लस्टर घेतलंत, इतकंच. मी पहिल्या दिवशी कॅश लावणाऱ्यांपैकी नाही.

जी बेरीज रोज तीच असते ती तिकडेच करून ठेवा. महाप्याच्या यार्नवर (हडूपचा जॉब चालवणारा भाग) रात्री एक जॉब, तारीख-शहर-पान असा गोषवारा, काही एमबीचं टेबल. पुण्यातून तेच वाचा. हाइव्ह कनेक्टर ग्रुप बाय तिकडे ढकलू शकत नाही, त्याच्यासमोर नुसत्या फायली असतात, बेरीज करणारं कुणी नसतं. तिकडेही ट्रिनो असतं तर एका ट्रिनोने दुसऱ्याला "बेरीज करून दे" म्हणता आलं असतं. स्टारबर्स्टच्या व्यावसायिक आवृत्तीत त्यासाठी 'स्टारगेट' आहे. पण त्यासाठी पाकीट उघडावं लागतं.

जॉइनबद्दल एक राहिलं. महाप्याचं मोठं टेबल आणि पुण्याचं लहान टेबल जोडत असाल तर लहान टेबल बिल्डच्या बाजूला (जी आधी मेमरीत भरली जाते) आहे ना ते एक्स्प्लेनमध्ये (क्वेरीचा आराखडा दाखवणारी कमांड) बघा. तसं असेल तर डायनॅमिक फिल्टरिंगने लहान टेबलातली मूल्यं मोठ्याच्या स्कॅनपर्यंत पोचतात आणि नको ती पार्टिशनं मागवलीच जात नाहीत. स्टॅटिस्टिक्स नसतील तर ट्रिनो जॉइनचा क्रम अंदाजाने लावतं, मग उलटं झालेलं तुम्हाला वेळेवरूनच कळेल.

---

मनुली · बुधवार, दुपारी ३:१०

सगळे वेगामागे लागलेत म्हणून मला वाईटपणा घ्यावा लागतोय. ओवी, महाप्याला रेंजर (परवानग्यांचे नियम लावायचं साधन) आहे का? असेल तर त्यांनी हाइव्हवर कॉलम झाकायचे, रो गाळायचे नियम लावले असतील. ते हाइव्हसर्व्हर२ मधून, म्हणजे हाइव्हच्या क्वेरी घेणाऱ्या सर्व्हरमधून येणाऱ्यालाच लागू होतात. तुझं ट्रिनो त्या दारातून येतच नाही, मेटास्टोअरला विचारून थेट फायली वाचतं. ज्याला फाइल वाचता येते त्याला मोबाइल नंबरचा कॉलमही उघडा.

शिवाय सगळं एकाच प्रिन्सिपलने वाचलं जातं. त्यांच्या नेमनोडच्या ऑडिट लॉगमध्ये फक्त "ट्रिनो" दिसेल, कोण माणूस ते नाही. इम्पर्सोनेशन (क्वेरी मारणाऱ्या माणसाच्याच नावाने वाचणं) चालू कर. त्यासाठी त्यांना कोअर-साइटमध्ये तुमच्या ट्रिनो युजरला प्रॉक्सी-युजरची परवानगी द्यावी लागेल, कोणत्या मशीनवरून आणि कोणत्या गटांसाठी तेही लिहून. तिथे चांदणी (*, म्हणजे सगळ्यांना मुभा) टाकून मोकळे होऊ नका म्हणावं. आणि झाकायचे कॉलम असतील तर ते वगळूनच ती ओआरसी आवृत्ती करून घे. मुळात नसलेला कॉलम फुटत नाही.

---

ओवी_पुणे · शुक्रवार, संध्या. ५:२०

उशीर झाला, पण काम होत होतं.

महाप्याची टीम ओआरसीला चक्क तयार झाली. त्यांनाही ते सीएसव्ही नकोच होतं. रेंजर आहे, आणि मोबाइल व ईमेलचे कॉलम खरंच झाकलेले होते. मनुलीताईंचं ऐकून ते वगळले. साहेबांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रॉक्सी-युजर आमच्या नऊ मशीनपुरता आणि एका गटापुरता.

एका दिवसाची तीच क्वेरी आता दीडेक मिनिटात येते. फिजिकल इनपुट ४ जीबीच्या आसपास. साहेबांच्या डॅशबोर्डला गोषवाऱ्याचं टेबल लावलं, ते तर लगेच उघडतं.

एक शेवटचं विचारते. तिकडे पुढच्या महिन्यात बारा डेटानोड वाढणार आहेत. आमच्या डीएनएसमध्ये आत्ता चाळीस नावं हाताने भरलेली आहेत. दर वेळी भरायची?

---

केबलवाला · शुक्रवार, ६:०२

हाताने कशाला? तुमच्या डीएनएसवर त्यांच्या डोमेनसाठी कंडिशनल फॉरवर्डर टाकायला सांगा. त्या डोमेनचं कुठलंही नाव विचारलं की प्रश्न थेट महाप्याच्या डीएनएसकडे जाईल. आधी त्यांच्याकडून खात्री करून घ्या की तिथून १०.४० चाच पत्ता येतो. आतला १९२.१६८ चा येत असेल तर त्यांना बाहेरच्यांसाठी वेगळं व्ह्यू (विचारणारा बघून वेगळं उत्तर) करावं लागेल, तोवर तुमची हाताची यादी काढू नका. नवे बारा नोड त्याच सबनेटमध्ये बसणार आहेत ना, तेही विचारा, नाहीतर फायरवॉलचा रूल तोकडा पडेल. आणि रिव्हर्स झोनही मागून घ्या, पत्त्यावरून नाव उलटं मिळालं नाही की कर्बेरॉस अडू शकतं.